आईला सांगायचं की नाही?

प्रश्न : माझी आई ६२ वर्षांची आहे. आजवर दवाखान्याची पायरी चढायची वेळ तिच्यावर आली नव्हती. खोकला थांबेना म्हणून तपासण्या केल्या, तर फुफ्फुसाचा कॅन्सर निघाला, तोही चौथ्या टप्प्यातला. आता परळची तारीख मिळाली आहे. मामा आणि दादा म्हणतात, तिला कळू द्यायचं नाही, ती धसका घेईल. ‘छातीत पाणी झालंय’ एवढंच तिला सांगितलंय. रात्र रात्र मी मोबाइलवर ‘किती दिवस’ हेच शोधत बसते. लपवणं बरोबर आहे का?
— एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : ताई, मामा आणि दादा मायेपोटीच हे म्हणताहेत. पण तुम्ही आईला परळला नेणार आहात. ‘टाटाला नेलंय’ याचा अर्थ महाराष्ट्रात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. १९४१ पासून ते कॅन्सरचं रुग्णालय तिथे आहे. बाकावर शेजारी बसलेली बाई सहज विचारेल, “तुम्हाला कुठं झालाय?” जे घरच्यांनी जवळ बसून सांगायचं, ते आईला अनोळखी माणसाकडून कळेल.

खरं तर तिला बरंचसं कळलेलंही असेल. ती खोलीत आली की बोलणं थांबतं, फाईल कपाटात वर ठेवली जाते, लांबचे नातेवाईक अचानक भेटायला येतात. आजारी माणूस हे सगळं बघत असतो. विचारत नाही, कारण विचारलं तर मुलं कोलमडतील अशी त्याला भीती असते. मग भीती वाटते, झोप येत नाही, हे तो सांगणार कुणाला? मला लपवालपवीतलं सर्वांत मोठं नुकसान हेच वाटतं.

म्हणून सांगायचं की नाही हे तुम्ही भावंडांनी ठरवू नका. आईलाच विचारा. घरात गर्दी नसताना म्हणा, “आई, एवढ्या तपासण्या झाल्या, तुला काय वाटतं, काय झालं असेल?” आणि गप्प राहा. ती बोलेपर्यंत थांबणं अवघड जाईल, तरी थांबा. मग विचारा, “रिपोर्टमध्ये काय आहे ते तुला सगळं सांगू, की डॉक्टरांशी आम्ही बोलायचं?” काही जणी म्हणतात, “तुम्हीच बघा, मला नका सांगू.” तोही तिचाच निर्णय, तो पाळा, फक्त पंधरा दिवसांनी पुन्हा विचारा, माणसाचं मन बदलतं. पण तिने सरळ विचारलं, “कॅन्सर आहे का?” तर खोटं बोलू नका. ‘हो’ म्हणा, हात धरा, तिच्या पुढच्या प्रश्नाची वाट बघा. सगळं एका दमात सांगायची गरज नाही. “आजार मुळापासून जाणं अवघड आहे, पण तो आटोक्यात ठेवायचे उपचार आहेत, आणि तुला दुखू नये याची काळजी घेता येते,” इतकं पहिल्या दिवसाला पुष्कळ झालं. दिवस-महिन्यांचा आकडा सांगू नका. आणि शरीर तिचं आहे. कुठले उपचार झेपतील, दागिने कुणाला, कुठल्या बहिणीशी अबोला मिटवायचा, देवाला कधी जायचं, हे ठरवायला तिला वेळ मिळाला पाहिजे.

आता तुमच्या रात्रींबद्दल. स्टीफन जे गूल्ड या अमेरिकन शास्त्रज्ञाला १९८२ मध्ये पोटाच्या आवरणाचा दुर्मीळ कॅन्सर झाला. पुस्तकांत मध्यक आयुर्मान दिलं होतं आठ महिने. त्याने आकडा नीट वाचला : निम्मे रुग्ण आठ महिन्यांच्या आत जातात, पण उरलेल्या निम्म्यांतले काही कितीतरी वर्षं जगतात. तो स्वतः आणखी वीस वर्षं जगला. आईचंही तसंच होईल असं वचन मी देत नाही. मोबाइलवरचा आकडा हजारो अनोळखी माणसांचा आहे, आईचा नाही, एवढंच सांगते. त्यापेक्षा डॉक्टरांना विचारा, गाठीच्या तुकड्यावर ईजीएफआर, एएलके या जनुकीय चाचण्या झाल्या का. त्यांत बदल सापडला तर फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या काही रुग्णांना आधी केमोऐवजी रोजच्या गोळ्या देता येतात, आणि मग आजाराची चालही वेगळी असू शकते.

पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे त्रास हलका करणाऱ्या उपचारांच्या विभागाचं नाव ऐकून घाबरू नका. ‘डॉक्टरांनी हात टेकले’ असा त्याचा अर्थ नाही. २०१० मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, फुफ्फुसाच्या पुढच्या टप्प्यातल्या कॅन्सरच्या ज्या रुग्णांना सुरुवातीपासून ही सेवा मिळाली, त्यांचे दिवस जास्त सुखाचे गेले आणि ते सरासरीने जास्त जगलेही. दम लागणं, दुखणं, झोप, घरच्यांची घालमेल, हे सगळं तिथे ऐकून घेतात. पहिल्याच फेरीत तिथे जाऊन या.

पैशांसाठी घाईने जमीन विकू नका. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात आधी विचारा. राहण्यासाठी दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेचीही चौकशी तिथेच करा. फाईल आणि डॉक्टरांशी बोलणं एकाच्याच हाती असू द्या, नातेवाइकांचे फोन दुसऱ्याने घ्यावेत, आणि आठवड्यातल्या एक-दोन रात्री तुम्ही झोपा, आईजवळ दादा बसेल.

मामा तरीही अडून बसले तर त्यांनाही परळला घेऊन जा. डॉक्टरांना आधी भेटून सांगा की घरात दोन मतं आहेत. आईशी कसं बोलायचं हा प्रश्न त्यांच्यासमोर रोजच येतो. मामांची भीती त्यांच्या तोंडून डॉक्टरांना ऐकू द्या, आणि त्याचं उत्तर मामांना डॉक्टरांकडूनच मिळू द्या.