पट्टी पात्याच्या मधोमध की पाठीवर?

प्रश्न : मी बांबूचं धनुष्य बनवतो. पाती मोडू नयेत म्हणून मधोमध फायबरग्लास किंवा कार्बनची पट्टी घालू का? – एक वाचक, पौड (ता. मुळशी)

उत्तर : मधोमध घालून फारसा उपयोग नाही. दोरी ओढली की पात्याची पाठ ताणली जाते, पोट दाबलं जातं. एकाच मालाच्या पात्यात मधला एक तृतीयांश थर ताठपणाचा जेमतेम 27वा हिस्सा पेलतो. म्हणून उभ्या धाग्यांची फायबरग्लास पट्टी पाठीवर आणि पोटावर चिकटवा. गाभ्याला तुमचा बांबूच उत्तम.

कार्बनचं 45 अंशांत तिरपं लावलेलं कापड मात्र पातं पिळवटू देत नाही.

ताम्हिणीकडच्या पावसाळी हवेत बांबू ओल धरतो, मग इपॉक्सीचा जोड सुटतो. आधी नीट सुकवा. पट्टी घासताना मास्क हवाच. ती धूळ छातीला वाईट.

तिरंदाजी स्पर्धेतला इंडियन राउंड हा प्रकार खेळणार असाल, तर पट्टी लावण्याआधी नियम विचारा. तिथे साधं बांबूचं धनुष्यच वापरतात.