कपडे वाळविण्याचे यंत्र : दोष आणि त्यांचा शोध

चंडीगढ शहर शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी वसले आहे. पौष-माघात तेथे दाट धुके पडले की दोरीवर घातलेले कपडे दिवसभर दमटच राहतात. श्रावणातील पावसाळी हवेतही तोच अनुभव येतो. अशा वेळी काही घरांत कपडे वाळविण्याचे विजेचे यंत्र, म्हणजे ड्रायर, उपयोगी पडते. हे यंत्र बिघडल्यास घाबरून न जाता दोषाचे मूळ कसे शोधावे, हे आता पाहू.

प्रथम यंत्राचे कार्य समजून घेतले पाहिजे. १० अंश सेल्सिअस तपमानाच्या एक घनमीटर हवेत सुमारे ९ ग्रॅम बाष्प मावते. ६० अंशांस तेच प्रमाण सुमारे १३० ग्रॅम होते. म्हणून यंत्रात हवा तापवून ती फिरत्या ढोलातील ओल्या कपड्यांतून खेळविली जाते आणि बाष्पाने भरलेली हवा नळीवाटे बाहेर सोडली जाते. उष्णता, हवेचा प्रवाह आणि ढोलाचे फिरणे या तिहींपैकी एक जरी थांबले, तरी काम अडते. दोष शोधताना हीच तीन सूत्रे ध्यानी धरावीत. मात्र यंत्राला हात लावण्यापूर्वी विजेचा प्लग काढलाच पाहिजे.

१. कपडे दमट राहतात : बहुधा हवेचा मार्ग कोंडलेला असतो. कपड्यांतून सुटणारी सुताची लव जाळीवर साचते. ती प्रत्येक वापरानंतर काढावी. बाहेर जाणारी नळी वाकली किंवा चेपली आहे काय, तेही पाहावे. कधी दोष यंत्रात नसतोच. एक किलोग्रॅम पाण्याची वाफ करण्यास सुमारे ०.६७ युनिट वीज लागते. धुलाईयंत्रात कपडे नीट पिळले गेले नसतील, तर त्यांतील जादा पाण्याचा सर्व भार ड्रायरवर पडतो.

२. ढोल फिरतो, पण ऊब नाही : तापक तार तुटली असेल किंवा अतिउष्णतेने उडणारा फ्यूज गेला असेल. हा फ्यूज पुष्कळदा हवा कोंडल्यामुळेच जातो. म्हणून जाळी व नळी साफ न करता नवा फ्यूज बसविला, तर तोही जाण्याचा संभव असतो. फ्यूजच्या जागी साधी तार जोडणे म्हणजे पहारेकऱ्यास घालवून देणे होय. तसे कदापि करू नये.

३. मोटार गुणगुणते, पण ढोल फिरत नाही : अनेक यंत्रांत मोटारीची गती पट्ट्याने ढोलास मिळते. प्लग काढून ढोल हाताने फिरवावा. तो नेहमीपेक्षा फारच हलका फिरला, तर पट्टा तुटला असावा. तो बदलणे जाणकार कारागिराचे काम आहे.

४. यंत्र सुरूच होत नाही : दार पुरते लागले आहे काय, हे आधी पाहावे. नंतर त्याच सॉकेटवर चांगला चालणारा दिवा लावून वीज येते की नाही, याची खात्री करावी. २३०० वॅटचे यंत्र २३० व्होल्ट दाबावर १० अँपिअर प्रवाह घेते. त्याला ६ अँपिअरचे सॉकेट पुरत नाही. १६ अँपिअरचे, अर्थिंग असलेले सॉकेटच हवे.

या साऱ्यांत लवेची उपेक्षा सर्वांत घातक ठरते. ती कोरडी, हलकी आणि चटकन पेटणारी असते. २००८ ते २०१० या काळातील आगींच्या अभ्यासावरून अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने असा अंदाज केला की, तेथील घरांत ड्रायरमुळे वर्षास सुमारे २,९०० आगी लागतात. यंत्राची साफसफाई न करणे हे त्यांतील प्रमुख कारण होते. तेल किंवा पेट्रोल लागलेली फडकीही यंत्रात घालू नयेत. जळका वास आल्यास यंत्र तत्काळ बंद करावे.

प्रयोग : दोन सारखे रुमाल भिजवून, पिळून त्यांचे वजन करा. एक पसरून व दुसरा चौघडी करून वाळत घाला. दर तासाला दोन्ही तोला. धुक्याच्या आणि स्वच्छ उन्हाच्या दिवशी हा प्रयोग करून आकडे ताडून पाहा. ढोल कपडे सतत का उलटतो, याचे उत्तर त्यांतच सापडेल.