फिक्सी घेतेस? आधी मागचं चाक फिरवून बघ

अगं, तू पाठवलेले फोटो बघितले सगळे. ती केशरी रिमवाली, ती मॅट काळी, ती पांढऱ्या टायरची. देखण्या आहेत, वादच नाही. पण तुला कोथरूडहून शिवाजीनगरला रोज जायचंय, पावसाळ्यातसुद्धा, कर्वे रोडवरून, पीएमपीच्या बसच्या मागेपुढे. तेव्हा रंग जरा बाजूला ठेव आणि ताईचं ऐक. तोंड पाडू नकोस, नाही म्हणत नाहीये मी.

आधी हे सांग, तुला फिक्सीच हवीये की बिनगिअरची साधी सायकल? दुकानात दोन्ही एकाच रांगेत लावतात आणि दोन्हींना सर्रास फिक्सी म्हणतात. मागचं चाक उचल आणि हाताने पुढच्या दिशेने फिरव. पायडल जागच्या जागी राहिलं आणि टिकटिक ऐकू आली, तर ते फ्रीव्हील. आजोबांच्या सायकलीला होतं तेच. पायडलही चाकाबरोबर गरागरा फिरायला लागलं, तर ती खरी फिक्सी. तिच्यात मागची दातेरी चकती थेट हबवर घट्ट बसवलेली असते, त्यामुळे चाक फिरतंय तोवर पाय फिरणारच. उतारावर, वळणावर, स्पीडब्रेकरवर, खड्ड्यात. पाय जरा थांबवून घेते म्हणशील तर तशी सोय नाही.

ही जात मुळात ट्रॅकवरची. जपानमध्ये १९४८ पासून कीरीनच्या शर्यती चालतात, त्यात स्टीलच्या फ्रेमच्या, फिक्स चाकाच्या, बिनब्रेकच्या सायकली पळतात. आपल्या बालेवाडीतही वेलोड्रोम आहे. तिथे समोरून कोणी येत नाही, खड्डा नाही, उभ्या कारचं दार अचानक उघडत नाही. न्यूयॉर्कच्या कुरिअरवाल्यांनी ही सायकल भर रहदारीत आणली, कारण तिच्यात बिघडण्यासारखं फारसं काही नव्हतं. डिरेलर नाही, शिफ्टर नाही, गिअरच्या केबल नाहीत. चिखलाने भरली तरी बिघडणार काय? तुझी निवड मला पटते ती एवढ्याचसाठी. फक्त सायकल जे सोसायचं टाळते, ते सगळं चालवणाऱ्यावर येतं, हे लक्षात ठेवून घे.

आता जे कुठलाच दुकानदार सांगणार नाही ते. ओढणी.

साध्या सायकलीत ओढणीचं टोक चेनमध्ये गेलं तर आपण पाय थांबवतो, चेन थांबते, मग उतरून पायडल उलटं फिरवत टोक सोडवतो. कुर्त्याला काळं लागतं, आईची बोलणी बसतात, विषय संपला. फिक्सीत चेन अशी चटकन थांबवणं तुझ्या हातात नसतं. तू आणि सायकल मिळून ज्या वेगात आहात तो वेग मागच्या चाकातून चेनला ओढत राहतो आणि चेन कापडाला ओढत राहते. ती ओढणी गळ्याभोवती असेल तर पुढचं मला लिहायचंही नाहीये. म्हणून ओढणी बॅगेत, ऑफिसात पोचल्यावर खांद्यावर. पटियाला, पलाझो या सायकलवर नकोतच. उजव्या पायाची पँट पट्टीने आवळ नाहीतर मोज्यात खोच. बुटाची नाडीसुद्धा आत. बहुतेक फिक्सींना चेनकव्हर येत नाही. फ्रेमला बसणारं अर्धं कव्हर मिळालं तर लावून घे, दिसायला बावळट दिसलं तरी चालेल.

आणि चेन पुसताना! चाक गरगर फिरवायचं आणि फडकं चेनवर धरायचं, ही आपल्या सगळ्यांची सवय. इथे फडकं दात्यात गेलं की मागोमाग बोट जातं, आणि चाक लगेच थांबत नाही. बोटाचं टोक गमावलेली माणसं आहेत जगात, अतिशयोक्ती करत नाहीये. लांब दांड्याचा ब्रश वापर आणि चाक हाताने थोडं थोडं सरकव.

टांग टाकायची सवयही सोडावी लागेल. डावा पाय पायडलवर, उजव्या पायाने दोनतीनदा जमीन ढकलायची आणि मग सीटवर, असं आपण लहानपणापासून करतो. फिक्सीत ते पायडलच तुला घेऊन खालीवर जाईल. आधी सीटपुढे दांड्यावरून दोन्हीकडे पाय टाकून उभी राहा, मग निघ. सिग्नलला पायडल नको तिथे थांबलं तर उलटं फिरवता येत नाही. पुढचा ब्रेक दाबून हँडलवर भार दिलास की मागचं चाक बोटभर उचलतं, तेवढ्यात पायाने पायडल वर आणायचं. सोसायटीच्या आवारात हे घोटून घे. नळस्टॉपच्या सिग्नलला, मागे हॉर्न वाजत असताना, शिकायला जाऊ नकोस. पायडलला पट्टे मात्र हवेत. पाय वेगात निसटला तर फिरतं पायडल पोटरीवर येऊन आदळतं. अर्थात चप्पल बाद.

आता सायकलीकडे वळू. तुझे पैसे चाकांवर खर्च होऊ देत. ट्रॅकच्या धाटणीच्या फ्रेममध्ये पुष्कळदा २५ किंवा २८ मिलिमीटरच्या वर टायर शिरतच नाही. कर्वे रोडला एवढ्या बारीक टायरने जाशील तर ट्यूब रिमवर चेपून दोन भोकं पडतील, शेजारी शेजारी, साप चावल्यासारखी. निदान ३२ चा टायर बसायला हवा, ३५ बसला तर सोन्याहून पिवळं. बसवल्यावर फ्रेम आणि टायरच्या मधून तुझी करंगळी जाते का बघ. पावसात त्या फटीतच चिखल साठतो आणि मडगार्डही तिथेच बसवायचंय. दुकानदार म्हणेल, बारीक टायर वेगवान असतो. असू दे. जे.एम. रोडवर कुठलीही सायकल छान चालते. चाचणी घ्यायची तर पेव्हर ब्लॉकवरून आणि ड्रेनेजच्या झाकणांवरून घे.

त्या केशरी खोल रिमांबद्दल. रिमच्या बाजूला, जिथे ब्रेकचं रबर घासतं, तिथेही रंग मारलेला असेल तर ती नको. रंग उडणार, आणि ओल्यात ब्रेक नीट धरणार नाही. बाजू घासून गुळगुळीत केलेली, उघड्या ॲल्युमिनियमची, दुहेरी भिंतीची रिम माग. तारा ३२, मागे ३६ मिळाल्या तर उत्तम. आजोबांच्या काळ्या सायकलीला पुढे ३२ आणि मागे ४० तारा असायच्या. सिमेंटची पोती वाहणाऱ्या सायकली त्या, मागे भार जास्त म्हणून तारा जास्त. आणि ती पाच जाड आऱ्यांची ओतीव चाकं तर अजिबात नको. तारांचं चाक वाकडं झालं तर कोपऱ्यावरचा मिस्त्री आउट काढून देतो. ओतीव चाक वाकलं की भंगारात.

टायरच्या मापात एक मेख आहे. दूधवाल्याच्या सायकलीचं चाकही २८ इंची आणि तुझ्या फिक्सीचं ७००सी चाकही २८ इंची म्हणवतं, पण टायर जिथे रिमवर बसतो तिथला व्यास पहिल्याचा ६३५ मिलिमीटर आणि दुसऱ्याचा ६२२. एकाचा टायर दुसऱ्याला होत नाही. म्हणजे गल्लीतल्या दुकानात तुझा टायर मिळेलच असं नाही, एक ट्यूब कायम बॅगेत हवी. व्हॉल्व्हही बघ. बारीक दांडीचा प्रेस्टा असेल तर पेट्रोल पंपावरची हवा थेट भरता येत नाही, पितळेची छोटी टोपी जोडावी लागते. मिळते ती स्वस्तात, किल्लीच्या जुडग्यात अडकवून टाक. रिमचं भोक मोठं असेल तर मोटरसायकलसारखा जाड व्हॉल्व्ह असलेली ट्यूबच घाल, कटकट मिटली.

आणि आता हब. इथे माझा जीव वरखाली होतो, म्हणून जरा थांब.

मागची चकती हबवर आट्यांनी बसते. पुढे पायडल मारलं की ती आवळत जाते. पण फिक्सीत तू वेग कमी करायला पाय मागे रोखतेस, तेव्हा तीच चकती सैल व्हायला बघते. तिला धरून ठेवायला बाहेरून एक कडी असते, लॉकरिंग, आणि तिचे आटे उलटे असतात. चकती सुटायला लागली की कडी आणखी आवळते. साधी युक्ती आहे, पण सगळा भरवसा तिच्यावर. हबला दोन पायऱ्या दिसल्या पाहिजेत, चकतीची मोठी आणि बाहेर लॉकरिंगची जरा लहान. स्वस्तात फिक्सी करून देणारे काही जण जुन्या हबवरचं फ्रीव्हील वेल्ड करून टाकतात. दिसतं फिक्सच, चालतंही. पण त्या हबला लॉकरिंगची पायरीच नाही. एखाद्या दिवशी तू उतारावर पाय रोखशील आणि चकती आटे सोडून मोकळी फिरेल. कोणी 'वेल्ड करून देतो, काही होत नाही' म्हणालं की नमस्कार कर आणि बाहेर पड.

चाक दोन्ही बाजूंनी बसवता येणारं घे, एका बाजूला फिक्स, दुसऱ्या बाजूला फ्रीव्हील. फ्लिपफ्लॉप हब म्हणतात त्याला. नट खोलून चाक उलटं केलं की सायकल बदलली. हे नट बहुतेक १५ च्या पान्याचे असतात. तो पाना बॅगेत नसेल तर पंक्चर झाल्यावर ट्यूब असून उपयोग नाही. चेन मध्यावर दाबून साधारण एक सेंटिमीटर खालीवर झाली पाहिजे. ढिली चेन फिक्सीत उतरली तर चाकात अडकून चाकच जाम होऊ शकतं, नाहीतर पायाने रोखायची सोय तरी गेली.

दाते किती घ्यायचे? दुकानात बऱ्याचदा पुढे ४८ आणि मागे १६ असतात. पायडलच्या एका फेरीत चाकाच्या बरोबर तीन फेऱ्या, म्हणजे पाय एकाच ठिकाणी रोखून चाक घसरवलंस तर दर वेळी टायरचा तोच भाग रस्त्यावर घासणार. थोड्या दिवसांत तिथे टक्कल. पुढे ४४ आणि मागे १७ घे. भाग पूर्ण जात नाही, त्यामुळे झीज १७ ठिकाणी वाटली जाते. शिवाय सिग्नलवरून निघताना आणि सेनापती बापट रस्त्याचा चढ चढताना गुडघे कुरकुरणार नाहीत. एका फेरीत साडेपाच मीटर, मिनिटाला ८० फेऱ्या मारल्यास तर ताशी सव्वीस-सत्तावीस किलोमीटर. शहरात याहून जास्त कशाला? पण चांदणी चौकाच्या उतारावर सायकल ४५ ला पोचली तर तुझे पाय मिनिटाला सुमारे १३५ फेऱ्या मारत असतील, आणि तेव्हा ते थांबवू म्हटलं तरी थांबणार नाहीत. एवढा वेग होऊच द्यायचा नाही.

म्हणून ब्रेक. व्हिडिओतली पोरं बिनब्रेकची चालवतात, त्यांचं ती बघतील. पाय रोखून चाक घसरवणं दिसतं छान, पण थांबताना सगळा भार पुढे जातो आणि मागच्या चाकाची पकड सुटते. खरं थांबवतो तो पुढचा ब्रेक. ब्रिटनच्या १९८३ च्या नियमांत फिक्स मागचं चाक हाच मागचा ब्रेक धरतात, तरी पुढच्या चाकाला वेगळा ब्रेक सक्तीचा आहे. तुला मी दोन्ही लावायला सांगते, कारण चाक उलटवून फ्रीव्हीलवर गेलीस की मागचा ब्रेक लागणारच. फ्रेमला मागे ब्रेकसाठी भोक नसेल तर ती फ्रेम आपली नव्हे.

फ्रेम क्रोमोली स्टीलची घे, साध्या स्टीलहून हलकी आणि चिवट. मापाला एकच कसोटी: सीटवर बस, पायडल आडवं ठेव, हँडल वळव. बुटाचं टोक पुढच्या चाकाला लागलं तर फ्रेम लहान आहे किंवा बेताची बनवलेली आहे. फिक्सीत हळू वळताना पाय थांबवता येत नाही, तेव्हा ते टोक चाकात जाईल. क्रँक, म्हणजे पायडलचे दांडे, १६५ मिलिमीटरचे असले की वळताना पायडल रस्त्याला टेकण्याची भीतीही कमी. मागे कॅरिअरसाठी भोकं असली तर डबा आणि रेनकोटची सोय होईल.

कुलपाला पैसे राखून ठेव. नट खोलून चाक नेणारे असतात, म्हणून मागचं चाक आणि फ्रेम मिळून कुलूप घाल.

माझं मत विचारशील तर सुरुवात फ्रीव्हीलच्या बाजूने कर. पहिला पावसाळा तसाच काढ, रस्त्यावरचे खड्डे पाठ होऊ देत. दिवाळीनंतर कोरड्यात चाक उलटव आणि रविवारी सकाळी रिकाम्या रस्त्यावर फिक्स चालवून बघ. नाही जमलं तरी बिघडलं काय, एक दणकट बिनगिअरची सायकल हातात राहतेच. दुकानात जाशील तेव्हा मला व्हिडिओ कॉल कर, आणि लॉकरिंग मला दाखवल्याशिवाय पैसे देऊ नकोस.