उसाला डोळा कुठं असतो?

आई-बाबांनो,

जूनमध्ये बालवाडीत नाव घालायला आलात की तुमच्यातले बरेच जण एक प्रश्न हमखास विचारता. "बाई, मोठ्या गटाला सायन्स आणि सोशल कधी सुरू करणार?" यंदा एका आईनं तर फोनच माझ्यापुढं धरला. पुण्याला राहणारी तिची पाच वर्षांची भाची राज्यं आणि राजधान्या एका दमात म्हणत होती. कुठंही अडखळली नाही. आई हळूच म्हणाली, "आमचं पोरगं मागं पडायला नको, एवढंच वाटतं."

त्या वाक्यामागची काळजी मला कळते. कुणी रानात राबतं, कुणी कारखान्यात शिफ्ट करतं, कुणी बारामतीच्या एमआयडीसीत जाऊन-येऊन करतं. पोटाला चिमटा घेऊन लेकराची फी भरता. मग त्याला काहीतरी 'येतंय' हे दिसावं असं वाटणारच. दाखल्याच्या गर्दीत मला नीट बोलता आलं नाही, म्हणून आज निवांत बोलते.

तुमच्या मुलाचं सायन्स आणि सोशल कधीच सुरू झालंय. आपल्या माळेगावात ते सुरू व्हायला पुस्तक लागत नाही.

गेल्या वर्षीची गोष्ट सांगते. आडसाली लागणीचे दिवस होते. एका मुलाच्या आजोबांनी उसाच्या एक डोळ्याच्या टिपऱ्या पाठवल्या. मुलांना सांगितलं, "हा बघा उसाचा डोळा." सगळी वाकून बघायला लागली. एका मुलीनं विचारलं, "बाई, ह्या डोळ्यानं ऊस बघतो का?" मी म्हटलं, "तुला काय वाटतं?" ती जरा थांबून म्हणाली, "बघत असंल. पण मातीत गेल्यावर त्याला अंधार दिसंल." मग सगळ्यांचा निर्णय झाला की डोळा वर करून लावायचा, म्हणजे त्याला बाहेरचं दिसेल. दुधाच्या रिकाम्या पिशव्यांना तळाशी भोकं पाडून आम्ही माती आणि शेणखत भरलं. प्रत्येकाची एक टिपरी, प्रत्येकाच्या पिशवीवर खुणेचा रंगीत दोरा. एका मुलानं मात्र हट्टानं डोळा खाली करून लावली. म्हणाला, "माझा ऊस खाली बघणार." मी अडवलं नाही.

रोज सकाळी आल्या आल्या मुलं आधी पिशव्यांकडं पळायची. आठवड्याभरानं पहिला हिरवा कोंब दिसला आणि त्या दिवशी आमची प्रार्थना उशिरा झाली. एकेक करून बाकीचे कोंब आले. खाली डोळा केलेल्या पिशवीत काहीच दिसेना. तो मुलगा रोज यायचा, माती बोटानं जराशी बाजूला करायचा, पुन्हा झाकायचा. सगळ्यांच्या नंतर त्याचाही कोंब आला. टिपरी उपसून बघितली तर कोंब खाली निघाला होता आणि वळसा घेऊन वर आला होता. पेऱ्याभोवती बारीक ठिपके असतात, तिथून पांढऱ्या मुळ्या फुटून त्या मात्र खालीच गेलेल्या. मुलगा कितीतरी वेळ त्या वळणावरून बोट फिरवत होता. मग म्हणाला, "ह्याला न सांगताच कळलं, वर कुठंय ते."

कोंब वर जातो आणि मूळ खाली जातं, हे वाक्य मी त्याच्याकडून पाच मिनिटांत पाठ करून घेतलं असतं. त्यानं ते शोधायला तीन आठवडे घेतले. 'रूट' आणि 'स्टेम' हे शब्द तो पहिलीत एका दिवसात शिकेल, त्याची काळजी तुम्ही करू नका. त्या बोटाखालचं वळण त्याच्या मनात आधी असलं पाहिजे, म्हणजे पुढं आलेला शब्द कुठंतरी टेकेल.

आणखी एक प्रसंग. साखरेच्या गावात राहून साखर कुठं जाते हे मुलांना ठाऊक नव्हतं. पेल्यात पाणी घेतलं, चमचाभर साखर घालून ढवळली. "कुठं गेली?" एकजण म्हणाला, "पाण्यानं खाल्ली." दुसरी म्हणाली, "मेली." सगळ्यांनी एकेक चमचा चाखून बघितला. गोड लागतं, पण दिसत नाही, यावर बराच वाद झाला. मी काहीच सांगितलं नाही. ते पाणी एका बशीत ओतून खिडकीत उन्हाला ठेवलं. दोन-तीन दिवसांत पाणी आटलं, बशीत चिकट थर उरला आणि मुंग्यांची रांग लागली. त्या रांगेकडं बघून मगाचीच मुलगी ओरडली, "बाई, मेली नव्हती! मुंग्यांना सापडली!" नंतर मी विचारलं, "कारखान्यात रसाचं काय करत असतील?" तीन मुलं एकदम म्हणाली, "उन्हात ठेवत असतील." उत्तर चुकलं, पण विचाराची वाट बरोबर होती. रस आटवायचा हे त्यांना मुंग्यांनी सांगितलं होतं. इतक्या रसाला ऊन पुरणार नाही, म्हणून तिथं चिपाडं जाळून वाफ करतात आणि त्या वाफेवर रस आटवतात, एवढंच मी पुढं जोडलं. आता हंगामात शिवनगरच्या कारखान्याच्या धुराड्यातून धूर निघाला की ती मुलं मान वर करून बघतात.

घरी यातलं काहीही करता येतं, फक्त आपली घाई आवरावी लागते. चांदोमामा आपल्याबरोबर का चालतो, सावली दुपारी कुठं लपते, रात्री चुलीवरचं पातेलं झाकलं की झाकणाला पाणी कुठून येतं, असं लेकरू विचारतं तेव्हा आपण दमलेले असतो. "गप बस", "मोठा झाल्यावर कळंल" असं तोंडातून जातं. माझ्याही घरी गेलंय. त्याऐवजी एवढंच म्हणा, "मलाही माहीत नाही, उद्या बघू." आणि उद्या खरंच बघा. लगेच फोनमध्ये उत्तर शोधून देऊ नका. मुलाला त्या वयात उत्तरापेक्षा तुमच्या शेजारी बसून बघणं जास्त हवं असतं.

आता सोशलचं.

एका मुलाला विचारलं, "तुझे पप्पा सकाळी काय करतात?" म्हणाला, "झोपतात. रात्री लाईट असती, तवा ते दारं धरायला जातात." पाच वर्षांच्या पोराला वीज केव्हा येते, पाणी केव्हा सोडायचं, बाप दिवसा का झोपतो, हे सगळं ठाऊक होतं. त्यावरून आम्ही पाण्याच्या मागं निघालो. अंगणातल्या मातीत सऱ्या पाडल्या, पाट केला, तांब्यानं पाणी सोडलं. सरीत पाणी पाटातून, पाटात चारीतून, चारीत नीरा डाव्या कालव्यातून, कालव्यात वीर धरणातून, आणि त्याच्याही वर भाटघर. 1876-78च्या दुष्काळानं हा मुलूख होरपळला, त्यानंतर हा कालवा खणला गेला. मुलांना मी साल सांगितलं नाही. "आज्जीच्या आज्जीच्या वेळेला इथं पाणी नव्हतं, मग खूप माणसांनी कुदळ-पाटीनं हा पाट खणला," एवढंच सांगितलं. शेवटी एकजण म्हणाला, "आणि पाऊस कुठनं येतो?" तिथं आम्ही थांबलो, कारण ढग भरून आले होते आणि सगळ्यांना बाहेर बघायचं होतं. (कालव्याच्या काठावर मात्र मुलांना कधीही एकटं पाठवू नका. हात धरून, दुरूनच दाखवा.)

भूगोल असाच घरापासून सुरू होतो. राज्य सरकारच्या पुस्तकांतही परिसर अभ्यास पहिली-दुसरीत वेगळा येत नाही. तो तिसरीपासून येत आला आहे, आणि तेही मुलाच्या स्वतःच्या जिल्ह्यापासून. 2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं 3 ते 8 वर्षांचा एकच पायाभूत टप्पा धरला आणि त्यात खेळ, गोष्टी, हाताळणं यांवर भर दिला. हे आपल्या मराठी मुलखाला नवं नाही. ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात बोर्डीला काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. मुलं शाळेपर्यंत येईनात, तर त्यांनी बालवाडी पाड्यावरच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा शब्द आपण आज सहज वापरतो, त्याचं मूळ त्या अंगणात आहे. पुढं कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली. शिंपले, बिया, पानं, खडे हेच त्यांचं साहित्य होतं.

पण सोशलमधली खरी गोष्ट मला वेगळीच सांगायची आहे, आणि ती सांगताना मला थोडं जड जातंय.

दसरा-दिवाळीनंतर बीडकडून, अहिल्यानगरकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. कारखान्याच्या आसपास कोप्या उभ्या राहतात. त्यांतली काही मुलं चार-पाच महिने आपल्या बालवाडीत येतात. काही साखरशाळेत जातात, काही फडाच्या कडेलाच असतात. एका वर्षी मी 'आपले मदतनीस' हा तक्ता लावला होता. पोस्टमन, पोलीस, डॉक्टर, सुतार, शिंपी. कोपीवरून आलेल्या एका मुलाला विचारलं, "तुझे आई-वडील काय करतात?" तो म्हणाला, "कोयता." एवढंच. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरतात, हे तुम्हाला माहीत आहे. त्याला ते त्याच्या घराचं नाव वाटत होतं. मग तो तक्त्यापाशी गेला आणि एकेक चित्र निरखत राहिला. त्यात कोयता नव्हता.

माझ्या मागं बसलेली आपल्याच गावची एक चिमुरडी तेव्हा बोलली. मुद्दाम नाही, अगदी निरागसपणे. "अभ्यास नाही केला की ऊस तोडायला जायला लागतं. माझी मम्मी म्हणती."

आई-बाबांनो, हे वाक्य आपल्या गावात मी किती घरांतून ऐकलं आहे. ते आपण प्रेमानंच म्हणतो, मुलानं शिकावं म्हणून. पण मूल त्यातून काय शिकतं ते बघा. भल्या पहाटे थंडीत उठून, लेकरू उसाच्या पाचटावर झोपवून, मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीत भरणारी बाई म्हणजे अभ्यास न केल्याची शिक्षा. आणि त्याच वर्गात तिचं लेकरू मांडी घालून बसलेलं असतं. ते हे ऐकतं. समाजशास्त्राचा असा धडा कुठल्याही पुस्तकात नाही, पण तो आपल्या घरात रोज शिकवला जातो आणि लख्ख पाठ होतो.

दुसऱ्या दिवशी मी तक्ता उतरवला. मुलांना म्हटलं, आपल्याला रोज कोण कोण उपयोगी पडतं त्यांची चित्रं आपणच काढू. ट्रॅक्टरवाले मामा आले, पाटकरी आला, घंटागाडीवरचे काका आले, डेअरीत दूध मोजणारे आले, पोळ्या लाटणारी आज्जी आली. त्या मुलानं एक मोठा कोयता काढला आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दोन माणसं. ते चित्र आम्ही मधोमध लावलं. मग आम्ही सगळ्यांनी मिळून उलटी गोष्ट रचली: चहात साखर, साखर दुकानातून, दुकानात कारखान्यातून, कारखान्यात ट्रॅक्टरमधून, ट्रॅक्टरमध्ये मोळी कुणी टाकली? सगळा वर्ग त्या मुलाकडं बघून म्हणाला, "ह्याच्या आईनं!" तो लाजला आणि हसला.

म्हणून माझं मागणं साधं आहे. घरी ते वाक्य बंद करा. आजच. मुलाला अभ्यासाला बसवायला दुसरी शंभर कारणं सापडतील.

बाकी छोट्या गोष्टी. आज्जीला लहानपणीची एक गोष्ट सांगायला सांगा. आज्जीही कधी लहान होती हे कळलं की इतिहास सुरू होतो. घर ते बालवाडी हा रस्ता अंगणात खडे मांडून करायला लावा. जानेवारीत शारदानगरला 'कृषिक' प्रदर्शन भरलं की मुलाला घेऊन जा, पण त्याच्या चालीनं फिरा. त्याला एकाच वांग्यापाशी अर्धा तास थांबायचं असेल तर थांबू द्या. उन्हाळ्याआधी जमलं तर भिगवणला उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी दाखवून आणा. लांबून आलेल्या पाहुण्यांबद्दल घरी जसं बोलता, तसंच त्या पक्ष्यांबद्दल बोला, आणि कोपीवरल्या माणसांबद्दलही.

येत्या शनिवारी पालकसभा आहे. येताना वह्या-पुस्तकं आणू नका. प्रत्येकानं उसाची एक डोळ्याची एकेक टिपरी आणा, ज्यांच्याकडं रान नाही त्यांनी शेजाऱ्याकडून मागून आणा. पिशव्यांत माती मी भरून ठेवते. तुमच्या लेकरांनी ती लावायची आहे, तुम्ही फक्त शेजारी बसायचं आहे.