नाचोजवर झाकण नको

३ जून २०२५ च्या रात्री आमच्या क्लबहाउसमध्ये नाचोजचा लगदा झाला तो वाफेमुळे. चिप्स हलक्या नव्हत्या, चीज स्वस्तातलं नव्हतं, राजमाही पातळ नव्हता. हे मी तेव्हाही सांगत होते. दुसऱ्याच दिवशी चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर विजयाच्या जल्लोषात झालेल्या चेंगराचेंगरीत ११ जीव गेले, त्यानंतर खाण्यापिण्याच्या तक्रारी उकरून काढायची इच्छाच राहिली नाही. म्हणून गप्प बसले. त्या गप्प बसण्याचा अर्थ सोसायटीत ‘वहिनींना चूक पटली’ असा लावला गेला, आणि ते मला मान्य नाही.

२०२५ च्या आयपीएलचा अंतिम सामना, आपलं बेंगळुरू विरुद्ध पंजाब. १८ व्या हंगामात तरी चषक येईल या आशेने साठेक माणसं जमणार होती. पहिला डाव संपला की खाणं, असं ठरलं. मी दुपारीच चिप्स, परतलेला राजमा, किसलेलं चीज आणि साल्सा वेगवेगळ्या डब्यांत भरून खाली पाठवलं. डब्यावर चिठ्ठी चिकटवली: पहिला डाव संपायच्या पाच मिनिटं आधी लावायला घ्या, त्याआधी नाही. चीज सॉस मात्र वर घरीच ठेवला, कारण तो गरम हवा.

मी खाली गेले तेव्हा टेबलावर ट्रे तयार होते. लग्नात असतात तसे, खाली पाणी आणि त्याखाली ज्योत, वर फॉइल घट्ट लावलेली. एक फॉइल उचलली तर तिच्या आतल्या बाजूला टपोरे थेंब साचलेले, आणि उचलता उचलता ते सगळं पाणी धार लागून परत ट्रेमध्ये उतरलं. एक चिप उचलली. ती उचललीच जाईना, बोटांत लोंबायला लागली. “केव्हा लावलंत हे?” म्हणून मी विचारलं. समितीचे एक गृहस्थ म्हणाले, “सहालाच, वहिनी. ऐन वेळी धावपळ नको. गरम राहावं म्हणून खाली पाणी ठेवलंय.” म्हणजे तीन तास. तीन तास त्या चिप्स वाफेवर शिजत होत्या. ढोकळा करतात तशा.

इथवरही मी समजून घेतलं असतं. माणसाला माहीत नसतं. पण लोक ताटल्या घेऊन आले, एकाने तोंड वाकडं केलं, आणि या गृहस्थांनी माझ्यासमोर, माझ्याकडे न बघता सांगितलं, “चिप्स लोकल होत्या हो, टिकल्या नाहीत. स्वल्प अॅडजस्ट माडी, जरा सांभाळून घ्या.” चिठ्ठी त्यांनी वाचली होती. डब्यावरून काढून घडी करून बाजूला ठेवलेली मी स्वतः पाहिली. मला वाईट वाटलं ते त्या चिठ्ठीचं.

त्याच चिप्सची काही पाकिटं वॉचमन मंडळींसाठी मी वर राखून ठेवली होती. ती आणली, मोठ्या स्टीलच्या ताटात पसरली, थर्मासमधला सॉस ओतला, वर राजमा आणि थोडा कांदा. वॉचमनचा वाटा आधी बाजूला काढला. बाकीचं ताट मुलांनी बघता बघता संपवलं, आणि ते गृहस्थही त्यातलंच खाऊन गेले. पाकीट तेच, राजमा तोच. याहून वेगळा पुरावा काय द्यायचा?

आता ज्यांना घोळक्यासाठी हे करायचंय त्यांच्यासाठी. मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवून, दळून त्यांच्या पोळ्या करतात आणि त्या कापून तळतात, तेव्हा चिपमध्ये जेमतेम एक-दोन टक्के पाणी उरतं. म्हणून ती कुरकुरीत. कोरडी वस्तू मिळेल तिथून ओल ओढते: साल्सातून, राजम्यातून, हवेतून आणि सगळ्यात जास्त झाकणाखालच्या वाफेतून. त्यामुळे झाकण कधीच नाही, फॉइल तर नाहीच. जूनमधल्या दमट हवेत पाकीट उघडल्यावर चिप्स मऊ वाटल्या तर ओव्हनमध्ये १५० अंशांवर पाच मिनिटं ठेवा, पूर्ण गार होऊ द्या, मगच लावा.

या पदार्थाचा जन्मच ऐन वेळी झालाय. १९४० च्या सुमारास मेक्सिकोच्या सीमेवरच्या पिएद्रास नेग्रास गावातल्या एका हॉटेलात, आचारी जागेवर नसताना अमेरिकन बायकांचा घोळका खायला आला. तिथल्या इग्नासिओ अनाया यांनी तळलेल्या टॉर्टियाच्या तुकड्यांवर चीज आणि हालापिन्यो मिरचीच्या चकत्या ठेवून ते गरम केलं आणि लगेच वाढलं. ‘नाचो’ हे त्यांचं घरातलं नाव. पुढे १९७६ मध्ये टेक्सासच्या आर्लिंग्टन स्टेडियममध्ये फ्रँक लिबर्टो यांनी नाचोज विकायला आणले तेव्हा रांग थांबवून चालणार नव्हतं. त्यांनी पातळ राहणारा चीज सॉस गरम ठेवला आणि गिऱ्हाईक समोर आलं की चिप्सवर ओतला. मैदानभर माणसांना खिलवणाऱ्यालाही आधी लावून ठेवावंसं वाटलं नाही. आमच्याकडे तर साठच माणसं होती.

सोबत दुसरं खाणं असेल तर माणशी ४० ते ५० ग्रॅम चिप्स पुरतात, म्हणजे साठ जणांना अडीच ते तीन किलो. साध्या मिठाच्या आणि जाड घ्या. मसाल्याच्या चवीच्या घेतल्या तर राजम्याची चव मारली जाते. कोरडा राजमा एक किलो पुरे. तो भिजवून, मऊ शिजवून, मॅशरने ठेचून, कांदा-लसूण आणि ब्याडगीच्या तिखटावर कढईची कड सुटेपर्यंत परतायचा. ब्याडगीने रंग येतो, पोरांना झोंबत नाही. रस्सा ठेवायचा नाही. “जरा ग्रेव्ही ठेवा” म्हणणारं कोणीतरी भेटेलच, ऐकू नका. जैन मंडळी असतील तर त्यांचं वेगळं ताट सुरुवातीलाच बाजूला काढा.

सॉससाठी नुसतं मोझरेला वापरू नका. गरम असताना त्याची तार सुटते, गार झालं की रबर होतं, आणि घोळक्यात सगळ्यांच्या वाट्याला ते गरम येत नाही. साधं प्रोसेस्ड चीज चांगलं, त्यातल्या क्षारांमुळे चरबी आणि पाणी फुटून वेगळं होत नाही. एक लिटर दूध, त्यात दोन चमचे कॉर्नफ्लोअर कालवून दाट करायचं, गॅस बंद करून अर्धा किलो किसलेलं चीज घालायचं. चीज पडल्यावर उकळी नको. रुंद तोंडाच्या थर्मासमध्ये भरा, तासभर सहज ओतण्याजोगा राहतो.

साल्सासाठी टोमॅटोच्या बिया काढा, बारीक चिरा, मीठ लावून गाळणीत अर्धा तास ठेवा. खाली जमलेलं पाणी सारात घाला, वाया जात नाही. बाटलीतली मिरची निथळून घ्या. सावर क्रीम मिळत नसेल तर चक्का थोड्या दुधात फेटून घ्या, मला तर तोच जास्त आवडतो. बटर फ्रूट, म्हणजे आपलं अॅव्होकाडो, इथल्या हातगाडीवर मिळतं ते मोठं आणि पाणचट असतं. लिंबू पिळून दाटसर ठेचा आणि वेगळ्या वाडग्यात ठेवा, चिप्सवर पसरू नका.

ढीग करू नका. ढिगात वरच्यांना सगळं मिळतं आणि खालचे नुसतीच ओली चिप चघळतात. पसरट ताटात एकच थर, फार तर दोन, आणि दोन्ही थरांवर चीज. एकाच मोठ्या ट्रेपेक्षा सहा-सात लहान ताटं बरी, दर दहा मिनिटांनी एक बाहेर काढायचं. स्वच्छता ठेवा, मुलांना आधी वाढा, हे काही मी सांगायला नको.

आणि वाढायचं काम तुमच्याकडे असेल तर लावायचंही तुमच्याकडेच ठेवा. ग्रुपवर सगळ्यांना दिसेल असं लिहून टाका, कारण चिठ्ठीची घडी होते. सामानाचे पैसे आधी घ्या. माझ्या बिलातून चिप्सची रक्कम ‘क्वालिटी इश्यू’ म्हणून वजा झाली. ताटातल्या चिप्स त्याच पाकिटांतल्या होत्या हे मी समितीला लेखी कळवलंय, पावतीही जोडलीय. रक्कम मोठी नाही, पण ती मी सोडणार नाही.