परदेशातला एक फोटो

पॅरिसला फिरायला जाणारे आता तिथला फोटोग्राफर इथूनच बुक करतात. आपण अमरावती-अकोल्याचे लोक चिखलदऱ्यावर भागवतो. कपडे पुष्कळदा भाड्याचे!

हा विषय निघालाच, तर मुलांना एक जुना फोटो दाखवा. १० ऑक्टोबर १८८५, फिलाडेल्फिया. मुलींच्या मेडिकल कॉलेजातल्या तिघी: जपानच्या केई ओकामी, सिरियाच्या सबात इस्लामबुली अन् आपल्या आनंदीबाई जोशी. प्रत्येकीच्या अंगावर आपापल्या देशाचा पोशाख, आनंदीबाई साडीत.

"अमेरिकेत राहून गाऊन का नाही घातला?" एवढंच विचारा अन् थांबा. माझ्या वर्गात मागच्या बाकावरून आलं, "मॅडम, घरच्यांनी ओळखलं पाहिजे ना!"

मार्च १८८६ मध्ये आनंदीबाई डॉक्टर झाल्या. वर्षभरात गेल्या, जेमतेम २१ वर्षांच्या.

दुसऱ्या दिवशी मुलांनी घरचा एक जुना फोटो आणायचा, आजीला विचारून.