अशोकाच्या रोपांसाठी जागेची निवड

स्त्रीरोगचिकित्सेत अशोकत्वचेचे स्थान सर्व वैद्यांस परिचित आहे. ‘आयुर्वेदिक फॉर्म्युलरी ऑफ इंडिया’प्रमाणे अशोकारिष्टाच्या एका पाठास ४.८ किलो साल लागते. खरा अशोक (सराका असोका) मात्र रानातून झपाट्याने कमी होत आहे; आययूसीएनच्या यादीत तो ‘असुरक्षित’ म्हणून नोंदला गेला आहे. बाजारात त्याच्या नावाने आसुपालवाची सालही खपते. म्हणून स्वतः लागवड करण्याकडे अनेक वैद्य व औषधीनिर्माते वळत आहेत, ही समाधानाची गोष्ट होय. तथापि साल देण्याजोगे खोड तयार होण्यास पंधरा-वीस वर्षे लागतात. या अवधीत खत-पाण्यातील उणीव भरून काढता येते. चुकीची जागा मात्र सुधारता येत नाही. यास्तव रोप विकत घेण्यापूर्वी जागा निश्चित करावी, असे आम्ही आग्रहाने सुचवितो.

शास्त्रमत

सुश्रुतसंहितेत सूत्रस्थानाच्या ३६व्या अध्यायात औषधीभूमीची परीक्षा सांगितली आहे. खड्डे, खडी, वारुळे व स्मशान यांनी दूषित नसलेली, क्षारविरहित, मृदू, स्थिर, सम आणि जवळ पाणी असलेली भूमी प्रशस्त मानली आहे. चरकाचार्यांनी कल्पस्थानाच्या प्रथम अध्यायात जांगल व साधारण देशातील द्रव्ये ग्राह्य म्हटली आहेत. येथे वाचकांस शंका येईल की, अशोक तर पाणथळ, दाट छायेच्या प्रदेशाचा वृक्ष. मग या दोहोंचा मेळ कसा घालावा? आमच्या मते, अनूप प्रदेशातही साधारण गुणांची जागा निवडणे हाच त्याचा मार्ग होय. ओलावा सदैव असावा, पण पाणी साचू नये.

वृक्षाचा स्वभाव

सह्याद्रीच्या सदाहरित अरण्यात अशोक ओढ्यांच्या काठी, मोठ्या वृक्षांच्या छायेत वाढतो. त्याच्या कोवळ्या, लोंबत्या, तांबूस पालवीस कडक ऊन व उष्ण वारा सोसत नाही. दवाखान्यासमोर शोभेसाठी, पश्चिमेच्या भिंतीलगत मुरमाच्या भरावात लावलेली रोपे पहिल्याच वैशाखात करपतात, त्याचे कारण हेच.

जागेची परीक्षा

१. जल : दोन फूट लांब, रुंद व खोल खड्डा खणून पाण्याने भरावा. ते जिरल्यावर पुन्हा भरावे. दुसऱ्या दिवशीही त्यात पाणी उभे असेल तर मुळे कुजण्याचा संभव आहे. ती जागा सोडावी. याउलट चैत्र-वैशाखात जेथे पाणी पोहोचविता येत नाही, ती जागा पावसाळ्यात कितीही हिरवी दिसली तरी निरुपयोगी होय.

२. छाया : सकाळचे कोवळे ऊन व दुपारनंतर सावली मिळेल अशी, म्हणजे इमारतीच्या अथवा मोठ्या झाडाच्या पूर्वेकडील बाजू उत्तम. निलगिरी किंवा बांबूच्या अगदी जवळ लावू नये. त्यांची मुळे ओल शोषून घेतात.

३. मृत्तिका : पालापाचोळा कुजून झालेली, भुसभुशीत व खोल माती श्रेष्ठ. बांधकामाचा राडारोडा पुरलेल्या जागेत चुन्याचा अंश असतो, ती टाळावी.

४. शुद्धी : या झाडाची साल रुग्णाच्या पोटात जावयाची आहे. संहितेतील स्मशानादी वर्ज्य स्थानांच्या जोडीस आज महामार्गाची कड, कारखान्याचा नाला, कचऱ्याचे आगार व कीटकनाशकांची फवारणी होणारी शेते धरावी लागतील. जड धातूंच्या परीक्षणात माल नापास होण्याचे मूळ कधी कधी जमिनीतच असते.

५. अवकाश : दोन झाडांत, तसेच झाड व इमारत यांत पाच ते सहा मीटर अंतर राखावे. वरून विजेच्या तारा जात नसाव्यात.

प्रदेशभेद

कोकण-गोव्यातील ओढ्याकाठची पोफळीची बाग, अर्थात कुळागर, हे अशोकाला सर्वांत अनुकूल स्थान म्हणता येईल. तेथे छाया, ओल व पाचोळा तिन्ही आयतेच मिळतात. उघड्या कातळसड्यावर मात्र पाऊस विपुल पडूनही माती पातळ असल्याने रोप उन्हाळा काढीत नाही. देशावरील भारी काळ्या जमिनीत पाणी तुंबते व उन्हाळ्यात भेगा पडतात. तेथे विहिरीजवळील, चर काढून निचरा साधलेली, आंब्याच्या सावलीतील जागा शोधावी. अशी जागा नसेल तर अशोकाचा हट्ट न धरता त्या भूमीस मानवणारे औषधीद्रव्य लावणे अधिक शहाणपणाचे.

रोप घेताना पाने पाहावीत. खऱ्या अशोकाचे पान संयुक्त, जोडीजोडीने पर्णिका असलेले असते. आसुपालवाचे पान साधे, लांबट व नागमोडी कडांचे असते.

सभासदांनी येत्या वैशाखातच आपल्या जागांची वरील पाच मुद्द्यांनी पाहणी करावी व मृगाचा पाऊस स्थिरावल्यावर रोपे लावावीत. दहा रोपे अयोग्य स्थळी लावण्यापेक्षा दोनच योग्य स्थळी लावली, तर पुढील पिढीच्या वैद्यास निर्भेळ साल हाती लागेल.